फिरत्या शाळांचे जनक : रेव्हरंड ग्रिफिथ जोन्स

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम अंगास वेल्स नावाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागात, कार्मार्थेन परगण्यात, लान्दौरोर नावाचे एक खेडे आहे. घरे थोडी, भोवती कुरणे व शेते, आणि सेंट टेइलो ह्या प्राचीन वेल्श संताच्या नावाचे चर्च, एवढाच त्या खेड्याचा पसारा. प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे असे तेथे फारसे काही नाही. तथापि अठराव्या शतकात ह्या एका खेड्याने साऱ्या वेल्स देशास वाचावयास शिकविले, आणि तेही अवघ्या तीस वर्षांत. त्या कामी सरकारचे साहाय्य नव्हते, कायद्याची सक्ती नव्हती, आणि शाळेसाठी म्हणून कोठे मोठ्या इमारतीही उभारल्या गेल्या नाहीत. हे कार्य ज्यांच्या हातून झाले त्या रेव्हरंड ग्रिफिथ जोन्स ह्यांचे अल्पचरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करावे असे आम्ही योजिले आहे. शाळा कोणासाठी असावी, ती कोठे भरावी आणि कोणत्या भाषेत भरावी, हे प्रश्न त्यांस जन्मभर पुरले. व ह्या प्रश्नांचा विचार शाळेत जाणाऱ्या व मुलास शाळेत धाडणाऱ्या प्रत्येकास करावा लागतोच.

ग्रिफिथ जोन्स ह्यांचा जन्म १६८४ च्या सुमारास त्याच कार्मार्थेन परगण्यातील पेनबोयर गावच्या हद्दीत एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. बालपणी त्यांनी मेंढरे राखली. प्रकृती पहिल्यापासून नाजूक. दम्याचा विकार त्यांस लहानपणीच जडला व तो त्यांनी अखेरपर्यंत सोसला. मेंढरांमागे एकटे हिंडत असता त्यांच्या मनाची वृत्ती अंतर्मुख झाली आणि आपण धर्मोपदेशक व्हावे अशी ओढ त्यांस लागली. पुढे ते कार्मार्थेन येथील ग्रामर स्कुलात शिकले. विद्यापीठाचे दार त्यांस उघडले नाही. धर्मसेवेची दीक्षा मिळावी म्हणून त्यांनी केलेले अर्ज एकदोनदा परतही आले. परंतु त्यांनी धीर सोडला नाही, व १७०८ साली सेंट डेव्हिड्सचे बिशप बुल ह्यांनी त्यांस दीक्षा दिली. त्यानंतर लवकरच ते लार्न ह्या समुद्रकाठच्या गावी सहायक उपाध्याय झाले व तेथील धर्मार्थ शाळेत मुलांस शिकवू लागले. अशा रीतीने धर्मोपदेशक व शिक्षक ही दोन्ही कामे त्यांच्या वाट्यास एकदमच आली, आणि ती त्यांनी पुढे कधी वेगळी मानली नाहीत.

ह्यानंतरचा प्रसंग आपल्या देशाशी निगडित असल्यामुळे येथे तो थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. १६९९ साली लंडन येथे ख्रिस्ती ज्ञानाच्या प्रसारासाठी एक मंडळी स्थापन झाली होती. ती ग्रंथ छापी, धर्मार्थ शाळांस मदत करी, आणि हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावर तंजावर प्रांती ट्रँकेबार येथे डेन्मार्कच्या राजाश्रयाने चाललेल्या मिशनासही साहाय्य करी. ते मिशन १७०६ साली सुरू झाले होते व झिगेनबाल्ग नावाचे जर्मन मिशनरी तेथे तमिळ शिकून त्याच भाषेत शाळा व छापखाना चालवीत होते. ह्या कामास एक चांगला मनुष्य पाठवावा असे मंडळीच्या मनात आले तेव्हा ग्रिफिथ जोन्स ह्यांचे नाव पुढे आले. १७१३ च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानात जाण्याचा विचार गंभीरपणे केला. दूरदेशी जाण्याचा मोह तरुण मनास असतोच, आणि त्यात धर्मकार्याची भर पडली की तो मोह कर्तव्याचे रूप धारण करितो. परंतु विचारांती त्यांनी नकार दिला. आपल्या भोवतालच्या खेड्यांत लोकांचे अज्ञान इतके घोर आहे की आपली गरज येथेच अधिक आहे, असा त्यांचा निर्णय झाला. जो मनुष्य तरंगंबाडीच्या वाळूवर उतरावयाचा, तो आपल्याच परगण्यातील एका लहान चर्चमध्ये राहिला. मागे राहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, हे त्यांनी पुढील आयुष्यात दाखवून दिले.

१७१६ साली पिक्टन गढीचे सर जॉन फिलिप्स ह्या उदार जमीनदारांनी त्यांस लान्दौरोर येथील उपाध्यायाची जागा दिली. पुढे १७२० साली ह्याच घराण्यातील मार्गारेट ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लान्दौरोर त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांची उपदेश करण्याची हातोटी अशी होती की इतर गावचे लोक कोसचे कोस चालून त्यांस ऐकावयास येत. चर्चमध्ये माणसे मावेनाशी झाली म्हणजे ते बाहेर मोकळ्या पटांगणात उभे राहून बोलत. ह्याचा काही शेजारच्या उपाध्यायांस हेवा वाटला. आपला गाव सोडून दुसऱ्याच्या हद्दीत उपदेश करतात, रीत मोडतात, अशी तक्रार बिशपांकडे गेली व त्यांस चौकशीस तोंड द्यावे लागले. त्यांतून ते सुटले. परंतु विरोधाची चव त्यांनी तेव्हापासूनच चाखली.

त्यांच्या चर्चमध्ये एक चांगली वहिवाट होती. प्रभुभोजनाच्या वेळी जे दान जमे त्याची भाकरी विकत घेऊन ती गोरगरिबांस वाटली जाई. भाकरी घ्यावयास आलेल्या लोकांस जोन्स ह्यांनी ओळीने उभे करावे आणि धर्माविषयी अगदी सोपे प्रश्न विचारावे. हेतू हा की हातात अन्न पडताना डोक्यातही काही पडावे. परंतु उत्तरे मिळेनात. जे दर आठवड्यास चर्चमध्ये येत, मान डोलवून उपदेश ऐकत, त्यांपैकी पुष्कळांस अगदी प्राथमिक गोष्टीही सांगता येत नसत. त्यांस वाचता येत नव्हते. सबब ऐकलेले सारे चर्चच्या उंबरठ्याशीच राहून जाई. वेल्श भाषेत बायबल १५८८ साली छापले गेले होते. दीडशे वर्षे ते चर्चमध्ये वाचले जात होते. पण ज्यांच्यासाठी ते भाषांतर झाले, त्यांच्यातील बहुतेकांस ते हाती घेऊन उघडण्याचा उपयोग नव्हता.

अशात त्या भागावर संकट आले. १७२७ पासून १७३१ पर्यंत साथीच्या रोगांनी तेथील खेड्यांत फार माणसे मेली. उपाध्यायाचे काम म्हणजे मरणाऱ्याच्या उशाशी बसणे व मेलेल्यास मूठमाती देणे. ज्यांस आपण वर्षानुवर्षे उपदेश केला ती माणसे काही न समजताच जग सोडून जात आहेत, हे जोन्स ह्यांनी घरोघरी पाहिले. त्यांच्या दृष्टीने हा आत्म्याच्या तारणाचा प्रश्न होता, व त्यास विलंब लावणे त्यांस पाप वाटू लागले. १७३१ च्या सप्टेंबरात त्यांनी लंडनच्या मंडळीस पत्र लिहून लान्दौरोर येथे वेल्श भाषेतील शाळा काढण्याचा आपला बेत कळविला व पुस्तकांची मदत मागितली.

वेल्समध्ये ह्यापूर्वी शाळा निघाल्या नव्हत्या असे नाही. धर्मार्थ शाळा बऱ्याच होत्या, परंतु बहुतेक ठिकाणी शिक्षण इंग्रजीत चाले. घरी, शेतात व बाजारात वेल्शखेरीज दुसरी भाषा न ऐकलेले मूल शाळेत इंग्रजी अक्षरे गिरवी व अर्थ न समजता पाठ करी. वर्ष-दोन वर्षे अशी गेली की पेरणी येई, कापणी येई, आईबापांस मुलाच्या हातांची गरज पडे, आणि मूल शाळेतून जे निघे ते परत येत नसे. त्याला इंग्रजी आलेले नसे आणि वेल्श वाचता येत नसे. जोन्स ह्यांनी लार्न येथील शाळेत शिकविले होते. गरिबाच्या मुलाजवळ शाळेसाठी वेळ किती थोडा असतो हे त्यांस ठाऊक होते. त्यांनी हिशेब उलट बाजूने मांडला. गरिबास जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात पुरे होईल असेच शिक्षण द्यावे, ते त्याच्या तोंडच्या भाषेत द्यावे, आणि तो येऊ शकत नाही म्हणून शाळेनेच त्याच्याकडे जावे.

ह्या विचारातून फिरत्या शाळांची पद्धत निघाली. एखाद्या गावच्या लोकांनी व उपाध्यायांनी मागणी केली म्हणजे जोन्स तेथे एक शिक्षक पाठवीत. शाळा गावच्या चर्चमध्ये, नाही तर एखाद्या कोठारात किंवा रिकाम्या घरात भरे. ती बहुधा तीन महिने चाले, आणि शेतीची कामे मंदावलेली असतील असा, विशेषतः हिवाळ्याचा, काळ तिच्यासाठी निवडला जाई. वेल्श भाषेतील अक्षरांचे उच्चार पुष्कळ नियमित असल्यामुळे, ती बोलणाऱ्या मनुष्यास थोड्या आठवड्यांत वाचता येऊ लागे. प्रश्नोत्तरावली, प्रार्थनासंग्रह व बायबल हीच पाठ्यपुस्तके. तीन महिन्यांनी शिक्षक पुढच्या गावास जाई. मागील गावास पुन्हा गरज भासली तर तो पुढील वर्षी परत येई. ज्यांस दिवसा कामातून सवड नसे त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग भरत. फी कोणाकडूनही घेतली जात नसे.

शिक्षक आणावयाचे कोठून? जोन्स ह्यांनी ते स्वतः घडविले. होतकरू तरुणांस ते लान्दौरोर येथे बोलावून घेत, काही आठवडे शिकवीत व त्यांची परीक्षा घेऊन त्यांस बाहेर धाडीत. शिक्षकांच्या तयारीचे हे घर मागाहून लोकांत जुने कॉलेज ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. शिक्षकांचे वेतन वर्षास तीन-चार पौंड, म्हणजे मजुराच्या कमाईहूनही कमीच. इतक्या अल्प वेतनावर थंडीपावसात डोंगर तुडवीत गावोगाव जाणाऱ्या ह्या माणसांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. मोठ्या कार्याचा पाया अशाच निनावी माणसांच्या खांद्यांवर उभा असतो, हे आम्हांस येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

शाळेत कोण येत असे हे पाहिले म्हणजे त्या पद्धतीचे खरे यश कळते. लहान मुले येत ती येतच. परंतु त्यांच्या शेजारी शेतावरचे गडी, मोलकरणी, कारागीर, संसारी बायका आणि केस पिकलेले म्हातारेही बसत. पुष्कळ शाळांत प्रौढांची संख्या मुलांहून अधिक असे. नातवाच्या बाकावर आजोबा बसून तीच अक्षरे लावीत आहेत असा देखावा वेल्समधील खेड्यांत ठिकठिकाणी दिसू लागला. कोणी चष्मा लावून वाची. ज्यांस दृष्टीच नव्हती असे आंधळेही येऊन बसत व इतरांचे वाचन ऐकून उतारे मुखोद्गत करीत. दिवसभर राबून रात्री दिव्याच्या मंद उजेडात पुस्तक उघडणाऱ्या ह्या माणसांस कोणी बळजबरीने आणले नव्हते. आपणांस वाचता आले असते तर, ही खंत त्यांच्या मनात वर्षानुवर्षे होती. फक्त दार उघडावयाचा अवकाश होता.

ह्या सर्व कामास पैसा लागे. तो मिळविण्याच्या कामी जोन्स ह्यांस सर्वांत मोठे साहाय्य लार्न येथील ब्रिजेट बेव्हन ह्या सुविद्य व श्रीमंत बाईंचे झाले. त्यांनी आपले धन, आपल्या ओळखी व आपला वेळ ह्या शाळांसाठी वेचला. इंग्लंडमधील अनेक उदार लोकांकडूनही वर्गणी येई. तिच्यासाठी जोन्स दर वर्षी इंग्रजीत एक अहवाल छापीत. त्यांत शाळांची यादी, विद्यार्थ्यांची संख्या आणि गावोगावच्या उपाध्यायांनी पाठविलेली प्रशस्तिपत्रे असत. हिशेब चोख ठेवणे व तो लोकांपुढे उघडा मांडणे ही सवय त्यांस होती म्हणूनच दूरच्या अनोळखी माणसांनीही त्यांच्यावर विश्वास टाकला. १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ३७ शाळा व सुमारे २,४०० विद्यार्थी ह्यांची नोंद होती.

इंग्रज वर्गणीदार त्यांस वारंवार एक शंका विचारीत. वेल्श भाषा लवकर मरून सारे लोक इंग्रजी बोलू लागले तर सर्वांचेच कल्याण नाही काय? मग तिच्यात शिकवून तिचे आयुष्य कशास वाढवावे? जोन्स ह्यांनी ह्यास विस्ताराने उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की, इंग्रजी शिकण्यास आमची ना नाही. परंतु सारा देश ती शिकेपर्यंत ज्या पिढ्या मरतील त्यांनी अज्ञानातच मरावे काय? ज्ञान देण्यासाठी आधी दुसरी भाषा शिकविणे म्हणजे तहानलेल्यास पाणी देण्यापूर्वी विहीर खणावयास सांगणे होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा भावार्थ आम्ही आमच्या शब्दांत सांगू शकू. ज्यांच्याकडून पैसा घ्यावयाचा त्यांचाच मतभेद असता आपला मुद्दा न सोडणे ह्याला मोठे धैर्य लागते.

विरोध घरचाही होता. काही उपाध्यायांनी आपल्या चर्चमध्ये शाळा भरू दिली नाही. त्याच सुमारास वेल्समध्ये मेथडिस्ट पंथाची चळवळ उठली होती व तिच्या काही पुढाऱ्यांवर जोन्स ह्यांच्या उपदेशाचा प्रभाव पडला होता. त्यामुळे ह्या शाळा म्हणजे बंडखोरीची रोपवाटिका आहे असा आरोप झाला. १७५२ साली जवळच्याच एका गावच्या उपाध्यायाने त्यांच्याविरुद्ध कडक टीकेचे पुस्तक छापले. जोन्स हे स्वतः अँग्लिकन चर्चशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिले. टीका झाली म्हणून त्यांनी एकही शाळा बंद केली नाही. पुढील वर्षाचा अहवाल मात्र वेळेवर छापला.

ह्या थोर पुरुषाच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांच्या शाळांत केवळ वाचन शिकविले जाई. लेखन व गणित हे विषय तेथे नव्हते. गरिबाने विद्वान व्हावे किंवा आपली पायरी सोडून वर चढावे, असा त्यांचा हेतू नव्हता. आजच्या दृष्टीस हे शिक्षण अपुरे वाटेल, आणि ते अपुरे होतेही. परंतु एकदा वाचावयास आले की मनुष्य काय वाचील व काय विचार करील हे शिक्षकाच्या हाती राहत नाही. दार एका हेतूने उघडले, तरी त्यातून येणारा उजेड साऱ्या घरात पडतो.

१७५५ साली त्यांच्या पत्नी निवर्तल्या. त्यानंतर ते बेव्हनबाईंच्या लार्न येथील घरी राहू लागले, व तेथेच ८ एप्रिल १७६१ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांस लान्दौरोरच्या चर्चमध्ये पुरण्यात आले. तीस वर्षांत भरलेल्या शाळांची संख्या तीन हजारांहून अधिक, आणि त्यांत शिकलेल्यांची संख्या दीड लाखाहून अधिक झाली होती. रात्रीच्या वर्गांचे विद्यार्थी ह्या संख्येत धरलेलेच नाहीत. त्या वेळी वेल्सची एकंदर वस्ती चार-पाच लाखांच्या घरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्यांचे वजन कळते. रशियाची महाराणी दुसरी कॅथरिन हिनेही १७६४ साली ह्या शाळांची माहिती मागविली होती.

पुढे बेव्हनबाईंनी हे काम मोठ्या निष्ठेने चालविले. १७७९ साली त्या वारल्या, तेव्हा शाळांसाठी त्यांनी दहा हजार पौंडांची ठेव मृत्युपत्राने मागे ठेविली. परंतु वारसांनी तंटा उपस्थित केला, प्रकरण कोर्टात गेले, आणि पैसा अडकून पडला. शिक्षकांस वेतन मिळेना. शाळा बंद पडल्या. निकाल लागून त्या पुन्हा उघडावयास १८०९ साल उजाडले. तीस वर्षांत जे उभे राहिले ते जवळजवळ तितकीच वर्षे कुलुपात राहिले.

तथापि ठेव कुलुपात पडली तरी शिकलेली अक्षरे पडली नाहीत. ज्या गावकऱ्यांस वाचता येत होते त्यांनी आपल्या मुलांस शिकविले. लान्दौरोरच्या शाळेत बालपणी शिकलेला टॉमस चार्ल्स नावाचा एक मुलगा मोठेपणी उत्तर वेल्समधील बाला गावी उपदेशक झाला. १७८५ च्या सुमारास त्याने त्याच नमुन्यावर फिरत्या शाळा सुरू केल्या व त्यांतून पुढे रविवारच्या शाळा वाढल्या. वाचणारे वाढले तेव्हा पुस्तके अपुरी पडू लागली. स्वतःचे बायबल मिळावे म्हणून १८०० साली मेरी जोन्स नावाची एक गरीब मुलगी सुमारे २५ मैल चालत चार्ल्स ह्यांच्या दारी बालास आली, ही कथा पुष्कळांस ठाऊक असेल. वेल्श बायबलांची ही टंचाई चार्ल्स ह्यांनी लंडनमध्ये मांडली. तीवरून निघालेल्या विचारातून १८०४ साली ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी स्थापन झाली. १८१३ साली तिची शाखा मुंबईस निघाली, व तिच्या द्वारे मराठी शास्त्रग्रंथ महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. हिंदुस्थानात येण्याचे नाकारून जो उपाध्याय आपल्या खेड्यात राहिला, त्याच्या कार्याचा एक झरा शंभर वर्षांनी असा वळणे घेत आपल्या भाषेपर्यंत येऊन पोहोचला.

वेल्श भाषाही मेली नाही. २०२१ च्या खानेसुमारीत वेल्समध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपणांस ती बोलता येते असे नोंदविले. आजूबाजूस इंग्रजीचा एवढा महासागर असता ती टिकली ह्याचे एक मोठे कारण, अठराव्या शतकात गरीब शेतकऱ्यांनी ती वाचावयास शिकली होती, हे होय. जी भाषा केवळ जिभेवर असते ती पिढीबरोबर वाहून जाऊ शकते. जी डोळ्यांस व पुस्तकास लागली तिची मुळे खोल जातात.

आमच्या विद्यार्थी मित्रांनी ह्या चरित्रातून पुष्कळ घेण्यासारखे आहे. इंग्रजी अवश्य शिकावी, चांगली शिकावी; परंतु ज्या भाषेत आई आपल्याशी बोलते तीत वाचणे व लिहिणे कमीपणाचे मानू नये. पालकांसही आमची एक नम्र विनंती आहे. ज्यांस लहानपणी शाळा लाभली नाही अशी वडील माणसे पुष्कळ घरांत असतील. मुलाने सायंकाळी पाटीवर अभ्यास मांडला म्हणजे त्यांनी लांब न बसता जवळ यावे. आणि मुलाने न हसता आजीस वा आजोबांस एकेक अक्षर दाखवावे. त्यासाठी नवी इमारत नको, की देणगी नको. तीन महिन्यांचा हिवाळा, एक दिवा आणि शिकविणाऱ्याची थोडी चिकाटी एवढ्यावर लान्दौरोरच्या उपाध्यायांनी एक देश वाचता केला. आपणांस एक घर वाचते करणे अवघड नाही.